घरात बिअर आंबवणं छंद की गुन्हा? एअरलॉक, तापमान आणि जामसरच्या मोहाचा विषय समजून घ्या

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि बातमी आली की महाराष्ट्रात दारू महागणार. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. देशी दारूचा दरही वाढला. धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या प्रकाराला जागा मिळाली. बिअर आणि वाईन मात्र या वाढीतून सुटल्या.

दारूच्या किमतीची चर्चा सुरू झाली की मोबाईलवर एक विषय हमखास वर येतो : घरच्या घरी बिअर कशी बनवायची. काचेचा मोठा बुधला, त्यात सोनेरी पाणी, तोंडाला प्लॅस्टिकची वाकडी नळी आणि त्या नळीतून टप टप वर येणारे बुडबुडे. बघायला छान वाटतं. सामानही ऑनलाइन मिळतं.

पण तीस सेकंदांच्या व्हिडिओत दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक, ती नळी आणि खोलीचं तापमान सांभाळलं नाही तर बिअर बिघडते आणि कधी कधी बाटली फुटते. दोन, महाराष्ट्रात हे करणं कायद्यानं गुन्हा आहे.

आणि या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायच्या तर पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमधून बाहेर पडून पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावापर्यंत जावं लागतं. कारण 'घरात आंबवणं' हा तिथे नवा ट्रेंड नाही. तो पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार आहे आणि त्यावरून सरकारशी चाललेला वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

आधी बेसिक : आंबतं म्हणजे नेमकं काय होतं?

इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, ते ज्या प्रकारच्या सूक्ष्मजीवांमुळे, तोच सगळा खेळ इथे आहे. बिअरच्या बाबतीत काम करतं ते यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि त्यातून तीन गोष्टी बाहेर टाकतं : अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता.

बिअरसाठी ही साखर येते मोड आणून वाळवलेल्या सातूतून, म्हणजे माल्टमधून. गरम पाण्यात माल्ट भिजवला की स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी हॉप्ससोबत उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. इथपर्यंतचं काम काही तासांचं. खरी परीक्षा पुढच्या एक-दोन आठवड्यांची.

एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा हिशोब पुढे नेला तर २० लिटर साध्या, पाच टक्क्यांच्या बिअरमधून सुमारे ४०० लिटर वायू बाहेर पडतो. म्हणजे बिअरच्या वीसपट. हा वायू कुठे जाणार, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एअरलॉक.

एअरलॉक करतो काय?

एअरलॉक म्हणजे पाणी भरलेला एकेरी रस्ता. आतला वायू पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही. घरातल्या बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही, तसंच काहीसं.

बाहेरची हवा नको, याची कारणं दोन. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तयार बिअरची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. आणि हवेबरोबर येणारे जिवाणू व चिलटं अल्कोहोलचं व्हिनेगर करून टाकतात.

आता यात लोक कुठे चुकतात?

पहिली चूक, झाकण घट्ट लावणं. वायूला वाट मिळाली नाही तर दाब वाढत जातो आणि काचेचं भांडं फुटतं. लिंबाचं सरबत साखर घालून बाटलीत विसरलं आणि आठवड्यानं झाकण उडालं, हा अनुभव अनेक घरांत आहे. इथे तर २० लिटरचा मामला असतो.

दुसरी चूक, भांडं काठोकाठ भरणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत फेस जोरात वर येतो. तो बारीक एअरलॉकमध्ये शिरला की नळी चोंदते, म्हणजे पुन्हा झाकण घट्ट लावल्यासारखंच. म्हणून जाणकार वर मोकळी जागा ठेवतात. सुरुवातीला तर एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवतात.

तिसरी चूक, बुडबुड्यांवर विश्वास ठेवणं. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही. झाकणातून वायू गळत असेल तर बुडबुडे दिसणारच नाहीत. उलट काम संपल्यावरही दुपारी खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि बुडबुडे येतात. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. द्रवाची घनता सुरुवातीला १.०४८ होती आणि ती १.०१२ वर येऊन दोन-तीन दिवस तिथेच थांबली, तर साखर संपली. या दोन आकड्यांच्या फरकावरून अल्कोहोल साधारण पावणेपाच टक्के निघतं.

चौथी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रात्री गारठा पडला की भांड्यातला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी उलटं आत ओढलं जातं. दिवसा ३५ आणि रात्री २० अंश अशा हवेत हे सहज होऊ शकतं. म्हणून त्यात साधं साठलेलं पाणी न ठेवता उकळून गार केलेलं पाणी ठेवतात, तेही अर्ध्यापर्यंतच. आणि उन्हाळ्यात ते उडून तर गेलं नाही ना, हे बघावं लागतं. कोरडा एअरलॉक म्हणजे उघडी खिडकी.

तापमानाचं एवढं काय?

एअरलॉक २०० रुपयांत मिळेल, तापमान विकत मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण त्यासाठी फ्रिज आणि अखंड वीज लागते.

बिअरचे ढोबळ दोन घराणे. 'एल' प्रकारचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं. 'लागर' प्रकाराला ८ ते १३ अंश लागतात. भारतात दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बिअर या दुसऱ्या प्रकारातल्या. म्हणजे जी बिअर पिऊन लोकांना 'घरी करून बघू' वाटतं, तीच घरी करायला सगळ्यात अवघड.

वर यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. खोली २८ अंशांवर असेल तर ऐन जोरात असताना भांड्याच्या आत तीन ते पाच अंश जास्त असू शकतात. म्हणजे ३२-३३. आपल्याकडे मार्च ते जूनच्या खोल्यांचा विचार करा आणि हिशोब तुम्हीच घाला.

गरम झालं तर काय बिघडतं? यीस्ट घाईत काम करतं आणि नको ती रसायनं तयार होतात. थोडं जास्त झालं तर पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. आणखी वाढलं तर 'फ्युझेल' म्हणजे जड अल्कोहोल तयार होतात, त्यांचा वास नेलपॉलिश किंवा थिनरच्या वळणावर जातो. पहिले ४८ ते ७२ तास यात निर्णायक असतात. नंतर थंड करून उपयोग नाही, कारण जे तयार झालं ते बाहेर काढता येत नाही.

आणि फार थंड झालं तर? यीस्ट झोपतं. बुडबुडे थांबतात. माणसाला वाटतं झालं काम, तो बाटल्या भरून बूच लावतो. पुढे हवा तापली की यीस्ट जागं होतं, उरलेली साखर खायला लागतं आणि बंद बाटलीत दाब वाढतो. काचेच्या बाटल्या फुटून होणारे अपघात बहुतेक वेळा असे होतात. म्हणजे एअरलॉक आणि तापमान हे दोन वेगळे विषय नाहीतच. एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर येते.

तापमानावरून कायदा झाला होता, तोही ४७० वर्षांपूर्वी

जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली एक फर्मान निघालं. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायची नाही. कारण साधं होतं. उन्हाळ्यात बनवलेली बिअर नासत होती. यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण ऋतूचा परिणाम सगळ्यांना दिसत होता. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून ती थंड तळघरात ठेवायची पद्धत पडली.

पुढे १८७६ मध्ये लुई पाश्चरनं बिअरवरचं पुस्तक लिहून सूक्ष्मजीवांचा हात दाखवून दिला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली. बर्फ बनवणारी यंत्रं त्याच काळातली. थंडी आणि शुद्ध यीस्ट हातात आल्यावर बिअर कारखान्यात गेली.

महाराष्ट्रात हाच प्रवास २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाल्यावर मायक्रोब्रुअरीच्या रूपानं दिसला. तिथल्या स्टीलच्या टाक्यांना बाहेरून थंड द्रवाचं वेष्टन असतं. एक अंश इकडे-तिकडे झाला तरी पॅनल सांगतो. फ्लॅटमधला हौशी माणूस याच गोष्टीची नक्कल जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट लावून करतो.

जिथे तेही शक्य नाही तिथे ओला टॉवेल आणि पंखा. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आपल्या माठाचंच तत्त्व. पण हा उपाय एप्रिलच्या कोरड्या हवेत चालतो, जुलैत नाही. हवेतच ओल असेल तर टॉवेल वाळणार कसा?

आता जामसरकडे या

जव्हार आणि मोखाडा हे पालघरचे डोंगरी तालुके. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी समाजांची वस्ती. दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात. जामसर हे जव्हार तालुक्यातलं गाव. भात, नाचणी, वरई ही इथली पिकं, आणि शेतीचा हंगाम संपला की वीटभट्ट्या, बांधकामं यांच्याकडे होणारं स्थलांतर ही इथली कायमची अडचण.

आणि या सगळ्या पट्ट्यात आहे मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. बाया-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. फुलं वाळवली की ती वर्षभर टिकतात. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, गुरांना देतात. बियांचं तेल काढतात. दारू हा त्या फुलाचा एक उपयोग आहे, एकमेव नाही. बाहेरच्या माणसाला मात्र तेवढाच माहीत असतो.

आता विज्ञान लावून बघा. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणजे माल्ट भिजवून स्टार्चची साखर करायची गरजच नाही. यीस्ट विकत आणावं लागत नाही, ते फुलावर आणि भांड्यात असतंच. फुलं पाण्यात पडली की काही दिवसांत आंबण्याचं काम जोरात सुरू होतं.

एअरलॉक? मडक्याच्या तोंडावर कापड किंवा सैल झाकण. आतून सतत बाहेर पडणारा वायू जड असतो, तो द्रवावर थर धरतो. जोपर्यंत तो जोरात सुटतोय तोपर्यंत बाहेरच्या हवेला आत फारसा वाव नसतो. जोर ओसरल्यावर मात्र धोका सुरू होतो आणि तेव्हा ते आंबट होऊ द्यायचं नाही, ही वेळ साधणं हेच त्यातलं कौशल्य. घड्याळ किंवा हायड्रोमीटर नसताना वास, फेस आणि आवाज यांवरून ते ओळखलं जातं.

तापमान? ज्या उन्हात लागर यीस्ट गळाठून जाईल, त्या उन्हात इथलं स्थानिक यीस्ट निवांत काम करतं. पिढ्यान् पिढ्या तेच टिकलं, जे इथल्या उष्णतेत जगलं. नॉर्वेतल्या शेतकरी घरांत 'क्वाइक' नावाचं यीस्ट असंच पिढीजात जपलं गेलं. ते ३५ ते ४० अंशांतही चांगली बिअर देतं. आज ते जगभर पाकिटातून विकलं जातं आणि गरम देशांतले हौशी लोक त्यावर खूश आहेत. आपल्या मोहाच्या मडक्यातल्या यीस्टला अशी ओळख मिळालेली नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. मोहाचं आंबवण पुढे भट्टीवर चढतं. बिअर चढत नाही. जे भांड्यात झालं तेच ग्लासात येतं. त्यामुळे तापमानाची चूक बिअरमध्ये जास्त उघडी पडते.

नीरा आणि ताडी : मधे फक्त ऊन

पालघरच्याच किनारपट्टीला, डहाणूच्या बाजूला, तापमानाचं याहून सोपं उदाहरण आहे. ताडाच्या झाडाला रात्री मडकं लावतात, आतून चुना फासलेलं. पहाटे उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा. ती आंबलेली नसते. चुन्यामुळे यीस्टला जोर धरता येत नाही आणि पहाटेचा गारवा मदत करतो.

चुना नसेल आणि ऊन चढलं, की काही तासांत तोच रस आंबून ताडी होतो. झाड तेच, रस तोच. पण एक सरकारमान्य आरोग्यपेय, दुसऱ्याला मद्याचे नियम. या दोघांच्या मधे काही तास आणि थोडं ऊन, एवढंच आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण राज्यात तर दारू मिळते. पण कायद्याची रचनाच अशी आहे की सगळं बंद आणि परवाना असेल तेवढं चालू.

या कायद्यात मद्याच्या व्याख्येत बिअर, वाईन, ताडी सगळं येतं. परवान्याशिवाय मद्य बनवायला बंदी आहे. इतकंच नाही, मद्य बनवण्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणं बाळगणं हाही गुन्हा ठरतो. 'मी विकत नाही, फक्त स्वतःसाठी करतो' हा बचाव चालत नाही, कारण घरगुती वापरासाठी अमुक लिटर चालेल अशी सूटच नाही. शिक्षेत तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत.

मग एअरलॉक ऑनलाइन विकत कसा मिळतो? कारण ती नुसती नळी आहे. कोंबुचा, लोणचं, व्हिनेगर यांसाठीही ती लागते. वस्तू बेकायदा नाही, तिचा उपयोग कशासाठी यावर सगळं ठरतं.

परदेशात चित्र वेगळं आहे. ब्रिटननं १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठीच्या परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर बिअर स्वतःसाठी बनवायची मुभा मिळाली. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी ती मान्य करायला २०१३ उजाडलं. म्हणून कॅलिफोर्नियातला मराठी भाचा गॅरेजमध्ये जे बिनधास्त करतो, ते कोथरूडमधल्या मामाला करता येत नाही.

थोडक्यात, कायद्याच्या नजरेत फ्लॅटमधला चकचकीत बुधला आणि डोंगरातलं मडकं एकच. फरक शब्दांत आहे. एकाला 'होमब्रुइंग' म्हणतात. दुसऱ्याची बातमी येते ती 'गावठी दारूचं रसायन नष्ट केलं' अशी. हे 'रसायन' म्हणजे आंबलेलं गोड पाणीच.

मोहावरची बंधनं आली कुठून?

इंग्रजांच्या तिजोरीतून. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरोघरी आणि गावोगावी होणारी दारू बंद करून ती ठेकेदार आणि मध्यवर्ती डिस्टिलरीच्या हातात दिली. हेतू लोकांचं आरोग्य नव्हता, महसूल होता. पण मोहाची फुलं रानात फुकट पडत होती, तोपर्यंत ठेक्याची महाग दारू कोण घेणार?

म्हणून १८९२ मध्ये 'म्हौरा अॅक्ट' आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच बंधनं आली. म्हणजे दारूवर नाही, तर जे लोक दुष्काळात खातात त्या फुलावर. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचं संस्थान होतं, पण त्याच्या चहूबाजूंना हेच वातावरण होतं. पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, जव्हार ठाणे जिल्ह्यात आलं आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात.

स्वातंत्र्यानंतरही मोहफुलं परवाना आणि मर्यादेच्या नियमांत राहिली. ती मोकळी व्हायला २०२१ उजाडलं. त्या वर्षी राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. म्हणजे फूल मोकळं झालं. दारू नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आणखी एक निर्णय आला. मोहफुलं, काजूबोंडं, फळं यांपासून बनणाऱ्या मद्याला 'देशी' ऐवजी 'विदेशी मद्य' असा दर्जा द्यायचा. 'देशी'चा शिक्का गेला तर चांगल्या दुकानात जागा आणि भाव मिळेल, असा विचार. सातपुड्यातलं, सह्याद्रीतलं फूल आणि नाव विदेशी, यावर तेव्हा भरपूर विनोदही झाले.

इतर राज्यांनी काय केलं?

मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरगुती वापरासाठी मर्यादित प्रमाणात मोहाची दारू बनवायची सूट आहे. मध्य प्रदेशनं त्यापुढे जाऊन मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' दर्जा दिला आणि अलीराजपूर, दिंडोरीसारख्या जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांच्या हाती उत्पादन दिलं.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे काजूचा रस परंपरेनं जमिनीत पुरलेल्या मातीच्या मडक्यांत आंबवतात. मातीचा गारवा हाच त्यांचा थर्मोस्टॅट. तिथल्या सरकारनं ती पद्धत परवान्याच्या चौकटीत बसवली, गुन्ह्याच्या नाही.

महाराष्ट्रात मात्र टोकं दोन आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तीही लोकांच्या आंदोलनातून आलेली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. आणि पालघरचा हा टापू तर अशा जागी आहे की उत्तरेला गुजरातमध्ये दारूबंदी आणि दादरा-नगर हवेलीत कमी करांमुळे स्वस्त दारू. एकाच डोंगररांगेत तीन कायदे.

मग सूट देऊन टाकावी का?

इथे विषय अवघड होतो. कारण 'आमची परंपरा' म्हणणारा आदिवासी समाज एका आवाजात बोलत नाही. दारूचा त्रास सगळ्यात आधी घरातल्या बाईला होतो आणि गावागावांतल्या दारूविरोधी आंदोलनांत बायाच पुढे असतात. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून सुरू झालेली 'देवी'ची चळवळ दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. त्यात आदिवासींनी स्वतःहून दारू सोडायचं ठरवलं होतं, आणि त्यामागे ठेकेदारांच्या लुटीवरचा रागही होता.

म्हणजे प्रश्न 'दारू हवी की नको' एवढा नाही. ते ठरवणार कोण, हा आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं त्याचं उत्तर दिलेलं आहे. अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यावर बंदी घालायची, नियंत्रण ठेवायचं किंवा मर्यादा घालायची, हा अधिकार ग्रामसभेला. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ मध्ये केले. जामसरसारख्या गावाची ग्रामसभा बंदीचा ठरावही करू शकते आणि अटी घालून देण्याचाही. पण बनवण्याचा परवाना हा १९४९ च्या कायद्याचा विषय.

दुसरा मुद्दा पैशाचा. २०२० मध्ये केंद्रानं सुक्या मोहफुलांचा हमीभाव किलोला ३० रुपये केला. 'विदेशी' दर्जाच्या बाटलीची किंमत शेकड्यांत असेल. परवाना, जागा, तपासणी, कर हे सगळं परवडणारा माणूस फूल वेचणारा नसेल, तर पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला त्या धोरणातून मिळणार ते ३० रुपयेच.

आणि विषारी दारूचं काय?

'घरी बनवलेली दारू म्हणजे विष' असा एक समज आहे. तो अर्धवट आहे, आणि अर्धवट समज इथे जीव घेतो.

२०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत १०० हून अधिक माणसं मेली. २०२२ मध्ये गुजरातमधल्या बोटादला आणि २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्लाकुरिचीला तेच घडलं. या घटनांचं कारण मिथेनॉल. ते मडक्यात आंबून तयार झालेलं नव्हतं. साध्या आंबवणात मिथेनॉल नगण्य असतं. कारखान्यात वापरायचं स्वस्त मिथेनॉल दारू म्हणून किंवा दारूत मिसळून विकलं गेलं.

ओळखायचं कसं? वास आणि रंगावरून ओळखता येत नाही, हीच अडचण. प्यायल्यानंतर काही तासांनी दिसायला अंधुक होणं, पोटात कळा, उलट्या, धाप ही लक्षणं दिसली तर एक मिनिट न घालवता दवाखाना गाठायचा. वेळेत उपचार मिळाले तर डोळे आणि जीव वाचू शकतो. पोलीस केस होईल या भीतीनं लोक घरी थांबतात आणि तिथेच घात होतो.

म्हणजे धोका आंबवण्यात कमी आणि चोरून चालणाऱ्या, कुणीही न तपासलेल्या धंद्यात जास्त आहे. बंदी जितकी घट्ट आणि दर जितके महाग, तितकी या भेसळीला जागा. झाकण घट्ट लावून दाब जात नाही, हे एअरलॉक लावणारा माणूस पहिल्याच आठवड्यात शिकतो.

आता पुढे काय होऊ शकतं?

शक्यता तीन दिसतात. एक, आहे तसंच चालू राहील. फूल मोकळं, मडकं गुन्हा. दोन, मध्य प्रदेशासारखी घरगुती वापराची मर्यादित सूट अनुसूचित क्षेत्रात येईल आणि ती घ्यायची की नाही हे ग्रामसभा ठरवेल. तीन, मोहाच्या मद्याचे छोटे परवाने बचत गटांना आणि ग्रामसभांना परवडतील असे केले जातील.

तिसरी शक्यता आली तर एअरलॉक आणि तापमान हे विषय पुन्हा पुढे येतील. परवाना म्हटला की दर वेळी सारखी चव, सारखं अल्कोहोल आणि तपासणी आली. त्यासाठी बंद टाक्या, थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि खात्रीची वीज लागेल. हे सामान आणि प्रशिक्षण गावात पोचलं तर मोहाचा कारखाना जव्हारमध्ये उभा राहील. नाही पोचलं तर तो भिवंडी-नाशिकच्या एमआयडीसीत उभा राहील आणि जव्हारमधून फक्त फुलांची पोती जातील.

तोपर्यंत फ्लॅटमधल्या हौशी मंडळींसाठी हिशोब सरळ आहे. आंबवण्याचं शास्त्र शिकायचंच असेल तर तो एअरलॉक लोणच्याच्या किंवा कोंबुच्याच्या बरणीला लावा. बिअर हवी असेल तर मायक्रोब्रुअरीत जा आणि टाकीवरच्या पॅनलवर किती अंश आहेत ते बघा. आणि मार्चमध्ये जव्हारच्या बाजूला गेलात तर पहाटे लवकर उठा. त्या वेळी मोहाखाली टोपली घेऊन वाकलेल्या बाईला किलोमागे काय भाव मिळतो, ते विचारून या.